लाळ, निकोटीन आणि मानेतील गाठ

भिवंडीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये विडी पेटवणे धोक्याचे असते. सुताचे तंतू हवेत तरंगत असतात, मागाखाली त्यांचा थर साचलेला असतो. एक ठिणगी पुरते. शिवाय मागावरच्या कामगाराचे दोन्ही हात गुंतलेले असतात. तुटलेला धागा जोडायचा, संपलेली कांडी बदलायची, एकाच वेळी चार-सहा माग सांभाळायचे आणि बारा तासांच्या पाळीत डोळ्यावर झोप येऊ द्यायची नाही. अशा कामात तोंडात ठेवून देता येईल अशी वस्तू सोयीची पडते. तळहातावर तंबाखू घेऊन, चुना लावून, अंगठ्याने मळून तिची चिमूट खालच्या ओठामागे ठेवली की हात मोकळे राहतात. आजूबाजूच्या गावांत बायका तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी दाताला लावतात. आणि मुलांच्या वाट्याला टपरीवर लटकणाऱ्या सुगंधी सुपारीच्या पुड्या येतात.

हे चित्र एकट्या भिवंडीचे नाही. २०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूररहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. ओढणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखूचा प्रश्न हा फुप्फुसापेक्षाही आधी तोंडाचा प्रश्न आहे. तरीही वर्गात तंबाखूविषयी बोलताना बहुधा सिगारेटचे आणि काळ्या पडलेल्या फुप्फुसाचे चित्र दाखवले जाते. ज्या मुलाच्या घरी कोणीच सिगारेट ओढत नाही, त्याला ते चित्र आपले वाटत नाही.

शिक्षकांशी बोलताना आम्हाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. तंबाखू तोंडात ठेवली की इतकी लाळ का सुटते, आणि जुन्या खाणाऱ्याचे तोंड कोरडे का पडते? लाळ थुंकून टाकली तर विष बाहेर जात नाही का? आणि जबड्याखाली, मानेत गाठ येते ती कशाची? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती मिळवायची तर सुरुवात लाळेपासून करायला हवी.

लाळ कोठून येते?

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. कानाच्या पुढे व खाली अनुकर्ण ग्रंथी, जबड्याच्या हाडाखाली अधोहनु ग्रंथी आणि जिभेखाली अधोजिव्हा ग्रंथी. यांशिवाय ओठ, गाल, टाळू आणि जीभ यांच्या अस्तरात सहाशे ते हजार बारीक लाळग्रंथी विखुरलेल्या असतात. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूवरून जिभेचे टोक फिरवले तर त्यांचे बारीक खडबडीत दाणे जाणवतात. तंबाखूची चिमूट नेमकी याच दाण्यांवर ठेवली जाते, हे लक्षात ठेवावे.

दिवसभरात अर्धा ते दीड लीटर लाळ तयार होते. ती नुसते पाणी नाही. तिच्यातील अमायलेज हे विकर पिष्टमय पदार्थांचे पचन सुरू करते, बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडते, कॅल्शियम व फॉस्फेट दातांची झीज भरून काढतात, श्लेष्मल द्रव्य अस्तरावर ओलसर थर धरते आणि काही प्रथिने जीवाणूंना आवर घालतात. तोंडाची रोजची सफाई, डागडुजी आणि पहारा ही तिन्ही कामे लाळेकडे आहेत.

मानेतून जाणारी तार

लाळग्रंथींना हुकूम मिळतो तो चेतातंतूंकडून. परानुकंपी चेतातंतू पातळ, भरपूर लाळ सोडायला लावतात. अनुकंपी चेतातंतूंच्या प्रभावाखाली ती थोडी आणि घट्ट येते. परीक्षेच्या भीतीने तोंड सुकते तेव्हा परानुकंपी हुकूम मंदावलेला असतो. हे तंतू मेंदूपासून किंवा मज्जारज्जूपासून ग्रंथीपर्यंत सलग जात नाहीत. वाटेत एका ठिकाणी, चेतापेशींच्या छोट्या गुच्छात, एक तंतू संपतो आणि दुसरा सुरू होतो. या गुच्छाला गुच्छिका म्हणतात. अधोहनु ग्रंथीची परानुकंपी गुच्छिका त्या ग्रंथीला लागूनच असते. अनुकंपी तंतूंची गुच्छिका मानेत वरच्या बाजूला, कवटीच्या तळाशी असते.

या मानेतल्या गुच्छिकेने शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासात मोठे काम केले आहे. १८८९ साली केंब्रिजच्या जॉन लँगली आणि विल्यम डिकिन्सन यांनी सशाच्या मानेतील ही गुच्छिका उघडी करून तिच्यावर निकोटीनचे द्रावण लावले. नंतर गुच्छिकेच्या खालच्या तंतूला विजेने उत्तेजित केले, तर काहीच परिणाम झाला नाही. वरच्या तंतूला उत्तेजित केले, तर डोळ्याची बाहुली नेहमीप्रमाणे विस्फारली. अर्थ स्पष्ट होता. निकोटीनने तंतू मारले नव्हते. दोन तंतूंमधला सांधा तेवढा बंद केला होता. कोणता चेतातंतू कोणत्या गुच्छिकेत थांबतो, हे पुढे याच युक्तीने शोधले गेले. आपण ज्याला व्यसनाचे द्रव्य म्हणून ओळखतो ते प्रयोगशाळेत चेतासंस्थेचा नकाशा काढण्याचे साधन होते.

असे का होते? गुच्छिकेत पहिला तंतू ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य सोडतो आणि दुसऱ्या पेशीवरील ग्राही ते पकडून संदेश पुढे पाठवतात. निकोटीन याच ग्राहींवर बसते. प्रथम ते कुलपात शिरलेल्या खोट्या किल्लीसारखे दार उघडते: संदेश नसताना संदेश जातो. पण ॲसिटिलकोलिन क्षणार्धात मोडून टाकले जाते, तसे निकोटीन मोडले जात नाही. ते चिकटून राहिले की ग्राही दाद देईनासे होतात. आधी उत्तेजन, मग शिथिलता, असा हा दुहेरी परिणाम आहे.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. नवख्या माणसाला ‘तंबाखू लागते’ तेव्हा तोंडात लाळ दाटते, उचकी लागते, मळमळते, घाम सुटतो, छाती धडधडते. ही सगळी गुच्छिकांमधली आणि मेंदूमधली खोटी हाक आहे. चघळण्याने आणि चुन्याच्या दाहाने लाळेत आणखी भर पडते. सरावलेल्या माणसात ही हाक बोथट होत जाते. बऱ्याच वर्षांच्या तंबाखू खाणाऱ्यांची लाळ मोजण्याचे प्रयोग अनेक ठिकाणी झाले आहेत. त्यांतील काहींत लाळेचा वेग कमी आणि सामू, म्हणजे पीएच, उतरलेला आढळला. काहींत फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे ‘तंबाखूने लाळग्रंथी सुकतात’ असे सरसकट विधान वर्गात करू नये. मात्र उकाड्याच्या शेडमध्ये घामाने पाणी गेलेल्या, पुरेसे पाणी न पिणाऱ्या आणि सतत थुंकणाऱ्या कामगाराचे तोंड कोरडे पडायला एवढी कारणेही पुरेशी आहेत.

चुना काय करतो?

तंबाखूत चुना चवीसाठी घालतात असा समज आहे. त्याचे खरे काम रसायनशास्त्राचे आहे. निकोटीन हे दुर्बल आम्लारी आहे. आम्लधर्मी द्रावणात त्याच्या रेणूवर धनप्रभार बसतो आणि प्रभारित रेणूला पेशींच्या स्निग्ध पटलातून सहज जाता येत नाही. सामू ८ असताना जवळजवळ निम्मे निकोटीन प्रभारमुक्त असते. सामू ७ वर हे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर ९ वर सुमारे ९१ टक्के भरते. चुना मिसळला की सामू चढतो आणि चिमटीतले बरेचसे निकोटीन मुक्त होऊन गालाच्या अस्तरातून थेट रक्तात उतरते. कारखान्यात बनणाऱ्या पुड्यांत चुन्याऐवजी सोड्यासारखे क्षार घातले जातात, हेतू तोच.

येथे थुंकण्याविषयीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. गिळलेले निकोटीन आतड्यातून प्रथम यकृताकडे जाते आणि तेथे त्याचा मोठा भाग निष्प्रभ होतो. तोंडाच्या अस्तरातून शोषलेल्या निकोटीनला ही जकात लागत नाही. तोंडाचे रक्त मानेतील शिरांतून सरळ हृदयाकडे जाते आणि तेथून मेंदूत पोचते. पिंक टाकली तेव्हा चोथा आणि उरलेला रस बाहेर गेला. जे आत जायचे ते त्याआधीच्या मिनिटांत गेलेले असते. एवढेच नव्हे, तर रक्तातील निकोटीन लाळग्रंथींतून परत लाळेत झिरपते. त्यापासून यकृतात बनणारे कोटिनीन हे द्रव्यही लाळेत उतरते आणि अधिक काळ टिकते. म्हणूनच एखाद्याने तंबाखू घेतली आहे की नाही हे प्रयोगशाळेत लाळ तपासून सांगता येते. तोंड कितीही खळखळून धुतले तरी ही साक्ष पुसली जात नाही.

पहारेकरीच वाहक होतो

निकोटीनमुळे सवय जडते. कर्करोगाचा मुख्य आरोप मात्र त्याच्या सोबत्यांवर आहे. तंबाखूची पाने सुकवताना व मुरवताना त्यांत नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होतात. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील एस. व्ही. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांबरोबर तंबाखू चघळणाऱ्यांची आणि मशेरी लावणाऱ्यांची लाळ तपासली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ही संयुगे लाळेतच सापडली. मशेरी ‘फक्त दाताला लावतो, खात नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. मशेरी लावणाऱ्या स्त्रिया थोड्या नव्हत्या. १९९० च्या दशकात मुंबईत ३५ वर्षे व त्यापुढील वयाच्या सुमारे १ लाख लोकांची पाहणी झाली, तेव्हा ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या आणि जवळजवळ सर्वच जणी ती धूररहित रूपात घेत होत्या.

लाळेचा आणखी एक वाटा आहे. लाळग्रंथी रक्तातील नायट्रेट गोळा करून लाळेत सोडतात आणि जिभेवरचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात. एरवी ही शरीराची उपयोगी व्यवस्था आहे. पण तोंडात तंबाखू असली, तर हेच नायट्राइट तिच्यातील द्रव्यांशी संयोग पावून नवी नायट्रोसामाइन बनवू शकते. अस्तराचे रक्षण करणारी लाळ अशा वेळी विषाचे वाहन होऊन ते तोंडभर फिरवते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूररहित तंबाखू आणि नुसती सुपारी या दोहोंची गणना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे.

चिमटीच्या जागी असलेल्या बारीक लाळग्रंथींवर तिचा थेट मार बसतो. स्वीडनमध्ये ओठामागे तपकिरीची पूड ठेवणाऱ्यांच्या अस्तराचे तुकडे १९८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. तेव्हा अनेकांच्या त्या जागच्या बारीक ग्रंथी खराब झालेल्या आढळल्या. सुपारीचा मार्ग वेगळा आहे. तिच्यातील द्रव्यांमुळे अस्तराखाली कडक तंतू साचतात, गाल चामड्यासारखा ताठर होतो आणि तोंड उघडेनासे होते. तिखट झोंबणे ही त्याची पहिली खूण. यासाठी तंबाखूची गरज नाही. मुलांची ‘साधी’ सुगंधी सुपारी पुरते.

जबड्याखालची गाठ

आता तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत जपून हाताळण्याचा. जबड्याच्या हाडाखाली बोट फिरवले तर दोन्ही बाजूंना मऊ, साधारण सारखे उंचवटे लागतात. त्या अधोहनु ग्रंथी. त्यांना लागूनच लसीका गाठी असतात. शरीरातील लसीका गाठींपैकी सुमारे एक तृतीयांश मानेत आहेत. तोंडाच्या अस्तरातून निघणारा लसीकाद्रव या गाठींतून गाळला जातो. त्यामुळे बोटाला लागणारी गाठ लाळग्रंथीची की लसीकेची, हे घरी कळणे अवघड असते.

काही खुणा मात्र उपयोगी पडतात. जेवायला बसले की जबड्याखाली सूज येऊन दुखते आणि तासाभराने उतरते, तेव्हा बहुधा लाळेच्या नळीत खडा अडकलेला असतो. दात किडला किंवा घसा आला की लसीका गाठ दुखरी, मऊ अशी फुगते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. लहान मुलांत हे नेहमीचे आहे. न दुखणारी, महिनोन्‌महिने राहणारी गाठ क्षयाचीही असते आणि भिवंडीसारख्या दाट वस्तीत तो विचार करावाच लागतो. तंबाखू-सुपारी खाणाऱ्या प्रौढात कडक, न दुखणारी, वाढत जाणारी, तीन आठवड्यांनीही न गेलेली गाठ असेल, तर तोंडातील कर्करोग तेथे पोचला असण्याची शक्यता तपासलीच पाहिजे. तंबाखूचा कर्करोग सहसा लाळग्रंथीत सुरू होत नाही. तो गालाच्या, हिरडीच्या किंवा जिभेच्या अस्तरात सुरू होतो आणि तेथून मानेत उतरतो. गाठ दुखत नाही म्हणून लोक निश्चिंत राहतात. निश्चिंत राहण्याचे ते कारण नव्हे.

मान किती महत्त्वाची, हे भिवंडीचे रुग्ण जेथे उपचारासाठी जातात त्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयानेच जगाला दाखवून दिले. तोंडाचा कर्करोग लहान असेल आणि मानेत गाठ लागत नसेल, तर मानेतील लसीका गाठी आधीच काढाव्यात की त्या वाढेपर्यंत थांबावे, यावर शल्यचिकित्सकांत जुना वाद होता. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून रुग्णांचे दोन गट करून हा प्रश्न तपासला. २०१५ साली ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतील गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर जिवंत होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. बोटाला काहीच लागत नसतानाही रोग मानेत पोचलेला असू शकतो, हा त्याचा अर्थ. म्हणून गाठीची वाट पाहायची नसते. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड कमी उघडणे, एवढ्यावरच दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात जायला हवे.

तंबाखूविना निकोटीन

अलीकडे काही देशांत तंबाखूचे पान नसलेल्या, निकोटीन भरलेल्या पांढऱ्या पुड्या तरुणांत पसरल्या आहेत. त्यांत नायट्रोसामाइन फारच कमी असतात, त्यामुळे त्यांची बरोबरी गुटख्याशी करणे शास्त्राला धरून होणार नाही. पण गुच्छिकेतली खोटी किल्ली तीच असते. नाडी व रक्तदाब वाढतो, पुडीच्या जागी हिरडीचा दाह होतो आणि सवय तशीच जडते. दीर्घ परिणाम कळण्याइतका काळ अजून गेलेला नाही. दुसऱ्या बाजूला, औषधाच्या दुकानात मिळणारे निकोटीनचे च्युइंगम तंबाखू सोडणाऱ्याला ठरावीक मात्रेत, ठरावीक काळ आधार देण्यासाठी आहे. कामगाराने ते वैद्यकीय सल्ल्याने वापरणे आणि शाळकरी मुलाने नवी सवय लावून घेणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

वर्गात काय करता येईल?

पहिला प्रयोग हळदीचा. हळद पाण्यात कालवून त्यात गाळण कागद बुडवा आणि वाळवा. पट्ट्यांवर लिंबाचा रस, साधे पाणी, सोड्याचे पाणी आणि चुन्याची निवळी यांचे एकेक थेंब टाका. चुन्याचा थेंब लालभडक होईल. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात ते याच गुणावर. हळदीचा रंग साधारण सामू ७.४ ते ८.६ च्या दरम्यान पालटतो. निकोटीन मुक्त होण्याचा टप्पाही हाच. चुना शिक्षकांनी स्वतः हाताळावा आणि तंबाखू वर्गात आणू नये. तिच्यावाचून मुद्दा नीट कळतो.

दुसरा प्रयोग लाळेचा. भाताच्या पातळ पेजेचे दोन भाग करा, एकात विद्यार्थ्याने स्वतःची लाळ मिसळावी. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचा थेंब टाका. लाळ घातलेल्या पेजेत निळा रंग फिका येईल किंवा येणार नाही. या प्रयोगात चुना मिसळू नये, कारण आम्लारीत आयोडीन स्वतःच रंगहीन होते आणि चुकीचा निष्कर्ष निघतो.

तिसरी गोष्ट तीन बोटांची. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक धरून ती उभी दातांमध्ये जातात का, हे प्रत्येकाने आपापल्या बोटांनी पाहावे. ज्याची बोटे जात नाहीत त्याचे नाव वर्गात घेऊ नये. त्याला नंतर एकट्याला विचारावे, आणि पालकांना तपासणीचा सल्ला द्यावा.

कायद्याची बाजूही शिक्षकांना ठाऊक असावी. २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तिची विक्री करता येत नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सोडू इच्छिणाऱ्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनाशुल्क आहे. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवता येईल.

शेवटी एक सूचना. मुलाने घरी जाऊन वडिलांना ‘तुम्ही मराल’ असे सांगू नये. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला ते अपमानास्पद वाटते आणि बोलणे तेथेच थांबते. त्याऐवजी त्याने हळदीची लाल झालेली पट्टी दाखवावी, चुना काय करतो ते सांगावे आणि ‘बाबा, तोंड पूर्ण उघडता का, आत काही चट्टा आहे का ते आरशात बघू या’ एवढेच म्हणावे. दिवसाच्या उजेडात, आरशासमोर, आठवड्यातून एकदा. मानेत गाठ लागण्याच्या कितीतरी आधी रोग तेथे दिसतो.